सोम्लोची युह्फार्क आणि दादाचे प्रश्न

दादा निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला बाटलीवरचं लेबल वाचताना आधी बाग दिसते. जमीन कशी असेल, पाणी किती, भुरी-डावणीसारख्या बुरशीच्या रोगांना काय करत असतील. व्हिएन्नात आल्यापासून वाइनची गोडी लागली, तरी ही खोड गेली नाही.

इथल्या दुकानांत सध्या ‘ज्वालामुखीची माती’ या शब्दांना फार भाव आहे. इटलीतलं एटना, ग्रीसमधलं सँटोरिनी आणि आता हंगेरीतलं सोम्लो. अरे, आमचा निम्म्याहून जास्त महाराष्ट्र ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर बसलाय! दख्खनचा बसाल्ट ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. एवढ्याने वाइन होत असती तर आमच्या गावच्या नाल्याकाठची कांद्याची शेतंही जगप्रसिद्ध झाली असती.

तरी सोम्लो मला आवडलं, आणि का आवडलं ते सांगते.

व्हिएन्नाहून गाडीने दोनेक तास. सपाट शेतांमधून जाता जाता अचानक एकटा डोंगर समोर येतो, वर चपटा, सगळ्या बाजूंनी उतरता. उंची जेमतेम ४३० मीटर. हा डोंगर फुगून वर आलेला नाही, आजूबाजूचं सगळं वाहून गेल्यामुळे तो उरलाय. इथे पूर्वी पॅनोनियन सरोवर होतं, त्याचा वाळू-चिकणमातीचा गाळ साचला. काही दशलक्ष वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला आणि गाळावर बसाल्टचं झाकण बसलं. पुढे वाऱ्यापाण्याने भोवतालचा उघडा गाळ झिजवून नेला, झाकणाखालचा राहिला. वरून तुटून पडलेले दगड आणि वाऱ्याने आणलेली बारीक लोएस माती उतारावर मिसळली, आणि त्या मिश्रणात वेली.

म्हणजे बसाल्ट आपलाच, पण गोष्ट वेगळी. आपल्याकडे पावसाळ्यांनी तो कुजवून काळी चिकण माती केली. पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भारी जमिनीत वेल नुसता पानांचा माज करतो. म्हणून तर बागाईतदार मुरमाड, निचऱ्याची जमीन शोधतो. सोम्लोच्या उतारावर पाणी थांबत नाही, आणि तापलेला काळा दगड संध्याकाळपर्यंत ऊब देत राहतो. वाइनला दगडाची चव येते म्हणणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. मुळं बसाल्ट चावून त्याचा वास मण्यात पाठवत नाहीत. अ‍ॅलेक्स मॉल्टमन नावाचे भूवैज्ञानिक हेच कितीतरी वर्षं सांगत आलेत. दगड काम करतो ते उष्णतेचं आणि निचऱ्याचं.

इथलं खास द्राक्ष युह्फार्क. घड लांबट, गच्च, टोकाला मेंढीच्या शेपटीसारखा वळलेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलोक्सेरा किडीने युरोपच्या बागा संपवल्या, नंतर हे वाण जवळजवळ याच डोंगरापुरतं उरलं. लाडात वाढवायचं द्राक्ष नव्हे. उशिरा पिकतं, थंडीत कुरकुरतं, गच्च घडात कूज लवकर शिरते. पण पिकलं तरी आंबटपणा सोडत नाही, आणि कोरड्या वाइनला तोच हवा. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्यात लग्नाच्या रात्री ही वाइन पाजत, मुलगा व्हावा म्हणून, अशी दंतकथा इथे प्रत्येकजण ऐकवतो. माझ्या आजीने ऐकली असती तर तिनेही एक बाटली मागवली असती.

मी प्यायले ती मायनक्लांगची. ही एका कुटुंबाची वायनरी, सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियातल्या पामहागेनची. शेती बायोडायनॅमिक, म्हणजे सेंद्रियच पण काही जास्तीचे विधी असलेली, ‘डेमेटर’ या संस्थेने प्रमाणित केलेली, अँगस गाईंचा कळपही आहे. सोम्लोवर त्यांच्या बागा आहेत. दादाला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तर पहिला प्रश्न: “डावणीला काय मारतात?”

“तांबं आणि गंधक.”

“मग आपलं मोरचूद-चुन्याचं बोर्डोच की! त्यात नवीन काय?”

नवीन हे, की तांब्याला मर्यादा आहे. डेमेटरमध्ये सरासरी वर्षाला हेक्टरी ३ किलो. आंतरप्रवाही बुरशीनाशकं नाहीत, तणनाशक नाही, रासायनिक खत नाही. दादा गप्प झाला. क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडून २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडली, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे असल्या नियमांना तो हसत नाही. मग म्हणाला, “ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला तर आमचं वर्षाचं तांबं महिन्यात संपेल.” खरंच आहे ते. सोम्लोवर वेलीला वर्षातून एकच छाटणी, हिवाळ्यात, आणि डोंगरावर वारा सतत.

शिंगाचं सांगितल्यावर मात्र तो खुलला. १९२४ साली रुडॉल्फ श्टाइनर या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने कोबरविट्झला, आजच्या पोलंडमध्ये, शेतकऱ्यांसमोर आठ व्याख्यानं दिली, तिथून ही बायोडायनॅमिक शेती सुरू झाली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, वसंतात काढून पाण्यात तासभर घुसळायचं, कधी एका दिशेने, कधी उलट, आणि जमिनीवर शिंपडायचं. हेक्टरी मूठभर. “जीवामृताला निदान गूळ-बेसन तरी असतं,” दादा म्हणाला. विश्वशक्ती शिंगातून जमिनीत उतरतात, हे मलाही पटत नाही. पण घुसळलेलं पाणी घेऊन ओळीओळीने चालणाऱ्याला कुठल्या वेलीवर भुरी चढतेय ते आधी दिसतं. आणि शेणासाठी शेतावर गाई असणं मला शिंगापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आता वाइन. रंग फिकट सोनेरी. पहिल्या वासाला फार काही नाही, थोडा धूर, लिंबाची साल. फ्रीजमधून काढून लगेच ओतली तर नुसता आंबटपणा लागतो. अर्धा तास बाहेर ठेवा. मग हिरवं सफरचंद, वाळलं गवत, अगदी मागे मध, पण जिभेवर गोडीचा लवलेश नाही, आणि गिळल्यावर मीठ चाटल्यासारखं राहतं. दुसऱ्या दिवशी उरलेली अधिक चांगली लागली.

काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर घेऊ नका, तिखट आणि ही आंबट वाइन मिळून तोंडाला आग लावतात. साबुदाण्याच्या वड्याबरोबर मात्र झकास. तेलकटपणा कापते, दाण्याच्या कुटाशी जमते. चटणी दह्याची, मिरची बेताची.