होम्स काउंटीतली शिरगणती

२०२०च्या ऑगस्टमध्ये जनगणनेची प्रगणक म्हणून मला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली होम्स काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मिळाली. ज्यांनी इंटरनेटवर, फोनवर किंवा टपालाने माहिती कळवली नव्हती, त्यांच्या दारात जायचं हे आमचं काम. होम्समध्ये जवळजवळ निम्मी वस्ती आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने साधं जगणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची. घरात इंटरनेट नाही, फोन असलाच तर बाहेर खोपटात. त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

आधी एक खुलासा. प्रगणकाला गोपनीयतेची शपथ असते आणि ती जन्मभर पाळायची असते. त्यामुळे कुणाच्या घरात किती माणसं निघाली, हे इथे येणार नाही. बाकीचं सांगायला हरकत नाही.

त्या दिवशीचे पत्ते चार्मच्या आसपासचे होते. चार्म म्हणजे ५५७ नंबरच्या राज्यमार्गावरची थोडी दुकानं आणि घरं. नगरपालिका वगैरे काही नाही. बहुतेक लोक गावात राहतच नाहीत, आजूबाजूच्या अरुंद खोऱ्यांत शेतांवर राहतात. हिमयुगातल्या बर्फाची कड याच काउंटीतून गेली होती. बर्फ पोचला त्या उत्तर भागातले उतार सौम्य, दक्षिणेच्या टेकड्या मात्र उभ्या. चार्म दक्षिणेकडे. मका डोक्याच्या वर गेलेला, रस्त्यावर घोड्यांची लीद, आणि मधूनच सरकारी फोनची रेंज गायब.

खरी कसरत पत्त्यांची. यादीत एक पत्ता आणि समोर तीन दारं. धाकट्याकडे शेत सोपवलं की म्हातारे आईवडील त्याच आवारात छोटं घर बांधून राहतात, त्याला ‘डॉडी हाउस’ म्हणतात. आमचा नियम असा, की माणसं वेगळी राहत असतील आणि बाहेरून स्वतंत्र दार असेल, तर ते वेगळं घर. सगळे जेवायला एकत्र बसतात हे ऐकून माझ्यातली मराठी बाई म्हणे, हे एकच घर. पण सरकारी फोनवर भरायच्या अर्जाला हे मान्य नव्हतं.

दुपारी घोड्यांचं सामान शिवणाऱ्या एका आजोबांकडे पोचले. मास्क लावलेली, गळ्यात बिल्ला अडकवलेली बाई पाहून ते हसले. म्हणाले, “दावीद राजाने लोकांची मोजणी केली आणि मग देवाने मरी पाठवली. तुमच्याकडे मरी आधी आली, मोजणी नंतर.”

बायबलमधली ती गोष्ट मला अर्धवटच ठाऊक होती, त्यांनी पूर्ण सांगितली. सत्तर हजार माणसं मेली होती म्हणे. मला वाटलं, आता हे नकार देणार. पण त्यांनी पुढ्यातलं कातडं बाजूला सारलं आणि सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले.

शेवटी त्यांनीच विचारलं, “धर्म नाही विचारलात?”

नाही विचारत. जनगणनेत धर्माचा प्रश्न सक्तीने विचारायला अमेरिकेत १९७६च्या कायद्याने बंदी आहे. भारताच्या जनगणनेत धर्माचा रकाना असतो, हे मी सांगितल्यावर त्यांना नवल वाटलं. म्हणजे होम्समध्ये आमिश किती, हे आमच्या मोजणीतून कधीच कळणार नव्हतं.

आजोबा आत जाऊन एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. ती आमिश कुटुंबांची डिरेक्टरी होती. मिलर, योडर, ट्रॉयर, राबर अशी आडनावं पानोपानी, कारण सारी वस्ती मोजक्याच घराण्यांतून वाढलेली. नवराबायको, मुलं, जन्मतारखा, धंदा. त्यात नकाशेही होते. काउंटीचे तुकडे पाडलेले, ओढ्याला, रस्त्याला धरून. एक तुकडा म्हणजे एक चर्च डिस्ट्रिक्ट, साधारण वीस ते चाळीस कुटुंबांचा. यांची चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून एक अशी उपासना पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी, आणि बाकं गाडीत घालून एका घरून दुसऱ्या घरी नेतात. घरात माणसं मावेनाशी झाली की डिस्ट्रिक्टचे दोन करायचे. बग्गीने पोचता येईल एवढंच अंतर, म्हणून तुकडेही लहान.

आमची ब्लॉक आणि टाउनशिप या सरकारी विभागांची हद्द त्या नकाशापुढे मला अगदी निर्जीव वाटली. आमच्या रेषेला तिथे राहणारं कुणी ओळखत नाही. त्यांच्या रेषेवर मात्र कुणाचं लग्न, कुणाची मयत आणि धान्याचं कोठार उभारायला कोण येणार, हे बरंचसं ठरतं.

दर कुटुंबात सरासरी सहा-सात मुलं, त्यामुळे अमेरिकेतली आमिश लोकसंख्या साधारण वीस वर्षांत दुप्पट होते. होम्समधली जमीन महागली तशी बरीच जोडपी दुसऱ्या राज्यांत गेली आणि राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी शेती सोडून लाकूडकाम, फर्निचर, बांधकाम धरलं. आजोबांचा धंदाही असाच शेतीबाहेरचा.

पुढच्या वर्षी आकडे आले. होम्स काउंटी : ४४,२२३, दहा वर्षांपूर्वी ४२,३६६. त्यातले आमिश किती हे शोधायचं, तर अभ्यासक आजही आधी चर्च डिस्ट्रिक्ट मोजतात आणि एका डिस्ट्रिक्टमधल्या माणसांच्या सरासरीने गुणतात.