तोच त्रास

सकाळी जॉबकार्डावर तक्रारीच्या रकान्यात मी तीन शब्द लिहिले: ‘तोच त्रास पुन्हा’. गाडीमालक जे बोलले तेच उतरवून घेतलं. पुढचा अख्खा दिवस त्या तीन शब्दांनी मला फिरवलं.

दोन सीटची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्‌स कार. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मध्ये सहा गिअरचा ऑटोमॅटिक. अर्धा-पाऊण तास चालवली की अचानक धक्का बसतो, डॅशबोर्डावर दिवा लागतो आणि गाडी चौथ्या गिअरला चिकटून बसते. बाजूला घेऊन बंद केली, जरा वेळानं चालू केली, की काही झालंच नव्हतं अशी धावते. आधीच्या गॅरेजात दोन महिन्यांपूर्वी इनपुट स्पीड सेन्सर, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारे फेरे मोजणारा भाग, बदलून झाला होता. ‘‘नवा सेन्सर टाकला, तरी तोच त्रास,’’ मालक म्हणाले. वैतागलेले होते, पण आवाज चढवला नाही. अशी माणसं कमी येतात.

स्कॅनर लावला. दोषाचे दोन कोड निघाले. पी०७०० म्हणजे नुसती हाक. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय, एवढाच त्याचा अर्थ. खरा कोड दुसरा, पी०७१७: इनपुट म्हणजेच टर्बाइन स्पीड सेन्सरच्या सर्किटमधून सिग्नल येत नाही. ‘सर्किटमधून’ हा शब्द महत्त्वाचा. सेन्सर, दोन वायरी, मधले कनेक्टर, कॉम्प्युटरचं इनपुट, सगळं त्यात आलं. कोड वाचून थेट सेन्सर बदलणाऱ्यांवर मी नेहमी तोंडसुख घेतो. त्या दिवशीही घेतलं, आमच्याकडे शिकणाऱ्या मुलासमोर, जरा जास्तच.

मालकांना शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. स्कॅनरवर तीन आकडे लावून ठेवले: इंजिनचे फेरे, टर्बाइनचे म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारे फेरे, आउटपुटचे म्हणजे तिथून बाहेर पडणारे फेरे. या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सरळ एकास एक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा कन्व्हर्टर लॉक झाला, म्हणजे न घसरता फिरू लागला, की तिन्ही आकडे जवळपास एकच दिसायला हवेत, आणि दिसत होते. पस्तिसाव्या मिनिटाला, ऑइल नव्वदीच्या पुढे गेलं आणि टर्बाइनचा आकडा शून्य झाला. इंजिन २,४००, आउटपुट २,४००, मधलं टर्बाइन म्हणे थांबलेलं! गाडी पळत असताना हे होणं शक्य नाही. पण कॉम्प्युटरला समोर आलेला आकडाच खरा मानावा लागतो. आत किती घसरण होतेय हे त्याला इनपुट आणि आउटपुट ताडून कळतं. एक आकडा गेला की तो आंधळा होतो. मग कन्व्हर्टरचं लॉक सोडतो, ऑइलचा दाब चढवतो, एक गिअर धरतो आणि दिवा लावतो. गिअरबॉक्स वाचवण्यासाठीच हे चाललेलं असतं, फक्त आत बसलेल्या माणसाला ते लाथेसारखं लागतं.

आता हा सेन्सर कुठल्या जातीचा, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्पीड सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे. एक हॉल इफेक्टवाला, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला, ज्याला बाहेरून वीज लागते. त्याला ओहम मीटर लावून काही कळत नाही. दुसरा जुन्या वळणाचा: एक चुंबक, त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, बस्स. समोरून फिरत्या ड्रमचे दाते गेले की चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेढ्यांमध्ये आपोआप व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेली गोष्ट, तीच इथे ऑइलमध्ये नाक बुडवून बसलेली असते. आमचा सेन्सर या दुसऱ्या जातीचा. त्याला सप्लाय लागत नाही, वायरी दोनच. म्हणजे संशयितही मोजकेच.

गॅरेजात परत आलो तेव्हा दोष अजून जिवंत होता. खालून सेन्सरपर्यंत जायचं तर अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, आडवी पट्टी, सायलेन्सरच्या पाइपावरचा उष्णता अडवणारा पत्रा, एवढं उतरवावं लागतं. पाऊण तास सहज जातो आणि तोवर सगळं निवतं. म्हणून इंजिन बंद केल्याबरोबर ग्लोव्ह बॉक्समागचा कॉम्प्युटरचा कनेक्टर काढला आणि त्या दोन पिनांवर मीटर टेकवला. ओएल. म्हणजे कुठेतरी सर्किट तुटलेलं. मीटर तसाच लावून ठेवला. वीसेक मिनिटांनी मुलानं हाक मारली, ‘‘सर, आकडा आला.’’ काही न करता रेझिस्टन्स परत आला होता.

इथे मी चूक केली, आणि ती फार हुशारीनं केली. सेन्सर नवा, त्रास तोच. म्हणजे दोष सेन्सरच्या बाहेर. गरम झाल्यावर तुटतंय म्हणजे सायलेन्सरजवळून जाणारी वायर. गणित इतकं सुबक बसलं की मी ते तपासलंच नाही.

गाडी लिफ्टवर घेतली, ट्रे काढला, पत्रा काढला. आणि नेमकं, एका क्लिपपाशी वायरींवरची नळी काळी पडून चपटी झालेली! मनात म्हटलं, सापडलास. मुलाला बोलावून दाखवलंसुद्धा. नळी कापली, टेप सोडवली, वायरी बोटांमध्ये धरून वीतभर मागेपुढे चाचपल्या. आतलं इन्सुलेशन मऊ, शाबूत. वायरी ओढल्या, वाकवल्या, हीट गन लावून तापवल्या, दुसरा माणूस मीटरकडे बघत बसला. आकडा ढिम्म हलला नाही. कनेक्टरच्या पिना भिंगाखाली बघितल्या, पकड तपासली, बॉडीशी शॉर्ट आहे का बघितलं. काही नाही. सेन्सर थंड, मोजला तर ६०४ ओहम, पुस्तकात दिलेल्या मर्यादेत. दोन तास गेले.

मग हात धुतले आणि जे सकाळीच करायला हवं होतं ते केलं. सेन्सरच्या कनेक्टरपाशी, वायरींना मागून दोन बारीक पिना लावून लांब तारा जोडल्या. त्या गरम पाइपापासून लांब बांधून खिडकीतून आत घेतल्या आणि ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राच्या, दुसऱ्या चॅनलला दिल्या. पहिला चॅनल कॉम्प्युटरच्या टोकाला. आता एकच सिग्नल दोन ठिकाणी दिसणार होता, जन्मतो तिथे आणि पोचतो तिथे. वायर तुटली तर सेन्सरकडची लाट चालू राहील, कॉम्प्युटरकडची मरेल. सेन्सर मेला तर दोन्ही मरतील. वायरी आपसांत शॉर्ट झाल्या तरी दोन्ही मरतात हे खरं, पण मीटरनं ओएल दाखवलेलं होतं, शॉर्ट नव्हे. ती वाट आधीच बंद झाली होती.

या वेळी मालकांना चालवायला बसवलं. मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप. त्या सीटमध्ये बसलं की गुडघे छातीशी येतात, स्क्रीन नाकाजवळ. दोन्ही लाटा एकीखाली एक सुरेख चालल्या होत्या. वेग वाढला की उंचही होत होत्या आणि दाटही. या सेन्सरचं हेच बघायला मला आवडतं, फेरे वाढले की तो जास्त जोरात बोलतो. मी नजर पहिल्या चॅनलवर खिळवून बसलो होतो, कारण मरणार ती तीच, याची खात्री होती.

धक्का बसला. दोन्ही रेघा एकदम सपाट.

पहिला विचार काय आला असेल? माझीच तार निसटली. गाडी बाजूला घ्यायला लावली, वाकून पिना बघितल्या. जागच्या जागी. न्यूट्रलला इंजिन चालू होतं, म्हणजे टर्बाइन फिरत होतं, आणि तरी दोन्ही चॅनल मुके. नवा सेन्सरच गेला होता.

परत येऊन तो काढला. एक बोल्ट, एक ओ-रिंग. छोट्या पातेल्यात स्वच्छ गिअरबॉक्स ऑइल घेतलं, इलेक्ट्रिक हॉट प्लेटवर ठेवलं आणि सेन्सरचं फक्त नाक तळाला न टेकवता आत लोंबकळत ठेवलं. शेजारी तापमानाची प्रोब. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, तेव्हा आकडा चढत जायला हवा, आणि तो शहाण्या मुलासारखा चढत गेला. २८ अंशांना ६०४, ६० ला ६७८, ९० ला ७४८. ९३ ला ओएल. प्लेट बंद केली. ८१ ला पुन्हा आकडा हजर. आत कुठेतरी ती केसासारखी तार सांध्यावर तुटलेली असणार. थंड असताना टोकं एकमेकांना टेकतात, प्लास्टिक फुगलं की सुटतात. पुन्हा तापवला, पुन्हा तेच. मुलानं फोनवर व्हिडिओ काढला.

मालक हे सगळं बघत उभे होते. म्हणाले, ‘‘मग जुना पण असाच गेला असेल.’’ मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात त्यांनी फोनमधला फोटो काढला. आधीच्या गॅरेजात स्कॅनरच्या स्क्रीनचा घेतलेला. त्यावर पी०७१६ होता.

०७१६ आणि ०७१७. सर्किट एकच, सेन्सर एकच, पण ०७१६ म्हणजे सिग्नल येतोय, फक्त पटण्यासारखा नाही. ०७१७ म्हणजे सिग्नलच नाही. मी विचारलं, जे सकाळी विचारायला हवं होतं: तेव्हा नेमकं कधी व्हायचं? ‘‘सकाळी. गाडी थंड असताना. सिग्नलला थांबत आलो की.’’ आणि आता? ‘‘आता हायवेवर, गरम झाल्यावर.’’ मग तोच त्रास कसा? ते माझ्याकडे बघत राहिले. ‘‘दिवा तोच लागतो ना,’’ म्हणाले.

चूक त्यांची नव्हे. त्यांना धक्का आणि दिवा एवढंच दिसतं. ‘कधीपासून होतंय’ हे मी विचारलं होतं, ‘पहिल्यांदा कसं व्हायचं’ हे नाही.

जुना सेन्सर त्यांनी डिकीत जपून ठेवला होता, नव्याच्या खोक्यात. नाकावर राखाडी लोकरीसारखा थर, बोटानं पुसला तर चुंबक तो सोडेना. गिअरबॉक्समधली लोखंडाची बारीक पूड. असा थर बसला की चुंबकीय क्षेत्र दात्यांपर्यंत नीट पोचत नाही आणि सिग्नल क्षीण होतो. वेगात निभावतं, कारण तिथे लाट मुळातच उंच असते. गाडी थांबत आली की फेरे कमी, लाट बुटकी, आणि कॉम्प्युटरला मधले दाते मोजता येत नाहीत. चिंधीनं आणि क्लीनरनं चकचकीत केला, मोजला: ५८८ ओहम. पातेल्यात ११० अंशांपर्यंत नेला. ७७४ वर सरळ चढत गेला, एकदाही अडखळला नाही.

पूड आली कुठून हा पुढचा प्रश्न. ऑइल काढलं, पॅन उतरवला. तळातल्या चुंबकांवर मऊ राखाडी चिखल, दोन बोटांत चोळला तर कण लागत नव्हता. कपची नाही, छिलका नाही. ऑइल मात्र बऱ्याच दिवसांचं दिसत होतं. फिल्टर आणि ऑइल बदललं आणि नवी ओ-रिंग घालून जुनाच सेन्सर परत बसवला.

संध्याकाळी सव्वा तास चालवली, घाटासारखी चढण मुद्दाम दोनदा घेतली. ऑइल ९७ पर्यंत गेलं. दोन्ही लाटा चालू. थांबत आणतानाही टर्बाइनचा आकडा शेवटपर्यंत सलग उतरत गेला.

मालकांचं मन मात्र लागेना. जुना भाग परत का, दुसरा नवा मागवू या ना, असं दोनदा म्हणाले. मी सांगितलं, याला मी ११० अंशांना बघितलंय, नव्याला अजून बघितलेलं नाही. मागवायचाच तर मागवू, पण आधी पातेल्यात. त्यावर ते हसले आणि तसेच गेले.

आधीच्या गॅरेजवाल्याला मी सकाळभर मनात नावं ठेवली होती. नाक पुसून भागलं असतं हे खरं, पण त्याच्या हातात आलेला भाग आतून फुटका असेल हे त्याला कळायला मार्ग नव्हता. खोक्यातून काढून त्यानं मीटर लावला असता तरी आकडा बरोबरच आला असता.

तो नवा सेन्सर माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. जो कुणी मोजतो त्याला ६०४ ओहम दाखवतो.