लेझर गेला नव्हता: जुना सीडी प्लेअर ठरावीक डिस्क का नाकारत होता

आमचा सीडी प्लेअर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. भक्कम बांधणीचा, आवाज अजूनही स्वच्छ. पण हळूहळू तो डिस्क निवडून घ्यायला लागला. एखादी डिस्क टाकली की लगेच वाजायची, दुसरी टाकली की जरा वेळ टिकटिक करून पडद्यावर ‘नो डिस्क’ यायचं. कधी डिस्क घ्यायचा, पण शेवटच्या गाण्यांवर अडखळायचा. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांचं उत्तर एकच, “लेझर गेला. जुना झालाय, आता दुसरा घ्या.”

लेझर क्षीण होतो हे खरंच आहे आणि तेव्हाही प्लेअर अशीच निवड करायला लागतो, त्यामुळे ही शंका बिनबुडाची नव्हती. पण मला ती पुरेशी वाटेना. पहिल्या गाण्यालाच नकार देणं ही एक गोष्ट झाली आणि पन्नास मिनिटं सुरळीत वाजवून मग अडखळणं ही वेगळी. दोन्हींना एकच कारण असेल असं गृहीत धरायला मन घेत नव्हतं. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी घरातल्या सगळ्या डिस्क एकेक करून वाजवून बघितल्या आणि जमिनीवर त्यांचे ढीग लावले. या कामात मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो याच ढिगांचा.

कंपनीतून छापून आलेल्या डिस्क, कमी मिनिटांच्या असतील तर, बहुतेक सगळ्या वाजत होत्या. त्यांतली सर्वांत ओरबाडलेली डिस्कसुद्धा. याचं नवल वाटू नये. सीडीवरची माहिती विखरून आणि जादा तपासणी-आकड्यांसकट लिहिलेली असते, त्यामुळे सलग अडीच मिलिमीटरच्या आसपास वाचता आलं नाही तरी प्लेअर ती गणिताने भरून काढतो. शिवाय लेझरचा झोत डिस्कच्या पृष्ठभागावर जवळपास 0.8 मिलिमीटर रुंद असतो आणि 1.2 मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक ओलांडून माहितीच्या थरावर पोचेपर्यंत तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा इतका बारीक होतो. वरची धूळ, बारीक चरे त्याच्या दृष्टीने धूसरच राहतात. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा म्हणूनच फारसा नडत नाही. गोलाईने, ट्रॅकच्या, म्हणजे माहितीच्या गोल फिरत जाणाऱ्या रेघेच्या, दिशेने गेलेला मात्र नडतो. डिस्क पुसताना गोल गोल न फिरवता मधून बाहेर पुसायची ती याचसाठी.

नकाराचा मुख्य ढीग घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी-आर डिस्कचा होता. माझ्या आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग त्यात आहेत, म्हणून माझा जीव त्या ढिगात अडकला होता. सीडी-आरमध्ये छापलेले खड्डे नसतात. रंगद्रव्याच्या थरावर लेझरने डाग पाडलेले असतात आणि तिच्यावरून परत येणारा प्रकाश छापील डिस्कपेक्षा थोडा कमी असतो. छापील डिस्ककडून निदान 70 टक्के परावर्तन अपेक्षित असतं, सीडी-आरकडून 65. फरक लहान, पण प्लेअर आधीच काठावर असेल तर तेवढाच पुरतो.

वीज बंद करून, प्लग सॉकेटमधून काढून झाकण उघडलं. हे सांगून ठेवते, कारण आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात हात लागायला नको. नंतर वीज जोडून निरीक्षण करायचं तर सीडीचा 780 नॅनोमीटरचा लेझर जवळपास अदृश्य असतो, भिंगात दिसते ती फक्त फिकट लाल ठिणगी. तेज कमी दिसतं म्हणून तो निरुपद्रवी समजू नये. भिंगाच्या वर डोळा कधीच आणायचा नाही, लांबून आणि तिरकं बघायचं.

तसं तिरकं बघितलं तेव्हा नाकारलेल्या डिस्कवर नेमकं काय होतं ते दिसलं. भिंग वर उचललं जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. डिस्क मात्र फिरतच नव्हती. म्हणजे प्लेअर माहिती वाचायच्या टप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. भिंग वरखाली करून तो परावर्तित प्रकाशाचा पुरेसा जोर शोधत होता आणि तो न मिळाल्यामुळे डिस्कच नाही असं मानत होता. प्रकाश कमी पडतोय हे पक्कं झालं. आता तो उगमापाशी कमी आहे की वाटेत, एवढंच ठरवायचं होतं.

भिंगावर राखाडी, किंचित तेलकट पडदा होता. वर्षानुवर्षं हवेतला धूर आणि धूळ बसून तो तयार होतो. कापसाच्या काडीला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून, काडी जवळपास कोरडी करून, अगदी हलक्या हाताने भिंग पुसलं. ते केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असतं, दाब दिला तर कायमचं तिरकं होतं. ॲसिटोन तर मुळीच नको, भिंग प्लास्टिकचं असतं आणि धुरकट होऊन बसतं. बारीक ब्रश लावलेल्या ज्या ‘क्लीनर डिस्क’ मिळतात त्याही मी वापरत नाही. फिरता ब्रश भिंगावर आपटवणं मला पटत नाही.

पुसल्यावर आईची पहिली डिस्क लगेच फिरली आणि गाण्यांची यादी पडद्यावर आली. मग दुसरी, तिसरी. मोठ्या ढिगाचं निदान तिथेच झालं.

पिकअपच्या, म्हणजे लेझर आणि भिंग बसवलेल्या सरकत्या भागाच्या, बाजूला एक इवलासा फिरवता येणारा स्क्रू असतो, त्याने लेझरचा प्रवाह वाढवता येतो. पुष्कळ जण सल्ला देतात की तो जरासा फिरवा, सगळं वाजेल. वाजतं, पण लेझर डायोडचं उरलेलं आयुष्य त्यातच खर्ची पडतं. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत लहरी दाखवणाऱ्या यंत्रावर, आरएफ सिग्नल (डिस्क वाचून पिकअपकडून येणारा विद्युत संकेत) बघून, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याशी ताडून मगच त्याला हात लावावा. स्वच्छ भिंगाने काम होत असताना मला त्याची गरज नव्हती, मी तो जसाच्या तसा ठेवला.

शेवटच्या गाण्यांवर अडखळण्याचा दोष मात्र भिंग पुसूनही जागेवरच होता. तो जास्त मिनिटांच्या डिस्कमध्येच यायचा, छापील असो वा घरची. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला ती मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते आणि कडेला पोचेपर्यंत 200 वर येते. तेवढ्या वेळात पिकअप रुळावरून मध्यापासून 25 मिलिमीटरवरून 58 पर्यंत सरकतो. 74 मिनिटांत 33 मिलिमीटर, म्हणजे सरासरी मिनिटाला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! इतक्या संथ चालीसाठी मोटर सतत फिरत नाही. भिंग आपल्या लवचीक तारांवर आधी थोडं पुढे झुकतं, झुकाव वाढला की मोटर पिकअपला एक बारीक धक्का देते, भिंग पुन्हा सरळ होतं. रूळ जरा जरी चिकट असला तर तो धक्का वाया जातो. भिंग झुकतच राहतं, ट्रॅक सुटतो, मग पिकअप एकदम उसळतो आणि गाणं उडी मारतं.

वीज बंद करून पिकअपचं दातेरी चाक बोटाने सावकाश फिरवलं. आतला भाग हलका गेला, बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात बोटाला स्पष्ट जडपणा लागला. तिथे ग्रीस मधाच्या रंगाचं होऊन गोठलं होतं. त्याचं कारण उघड होतं: आमच्याकडच्या बहुतेक डिस्क चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या, त्यामुळे रुळाचा तो टोकाचा भाग वर्षानुवर्षं वापरातच नव्हता. जुनं ग्रीस अल्कोहोलने पूर्ण काढलं, चाकांच्या दात्यांमधलं लाकडी टूथपिकने उकरलं. रुळावर प्लास्टिकला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. जास्त लावलं की ते भिंगाकडे सरकतं आणि नवीच भानगड होते. त्यानंतर ऐंशी मिनिटांची डिस्कसुद्धा शेवटपर्यंत गेली, आणि या डिस्कमध्ये ट्रॅक जास्तच जवळजवळ असतात.

ट्रेचा रबरी बेल्ट सैल झाला होता, तोही बदलला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

यानंतरही थोड्या डिस्क नाकारल्या गेल्याच, पण आता त्यांचा दोष प्लेअरवर टाकता येत नव्हता. सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क, जेमतेम 15 ते 25 टक्के प्रकाश परत पाठवतात. त्या बाजारात आल्या 1997 मध्ये, आमचा प्लेअर त्याच्या कितीतरी आधीचा. इतक्या मंद प्रकाशावर चालणारी रचना त्यात नाहीच.

एक छापील डिस्क वरकरणी नवी कोरी दिसत होती, तरी तिसऱ्या गाण्यावर हमखास थांबायची. ती दिव्यासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकली. सीडीचा चकचकीत थर लेबलच्या बाजूला असतो, त्यावर फक्त लाखेचा अतिपातळ लेप. म्हणून लेबलच्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या दहा ओरखड्यांपेक्षा वाईट. खालची बाजू पॉलिश करता येते, पण उडालेला थर परत येत नाही.

आणि आईच्या डिस्कपैकी एक, खिडकीजवळच्या कपाटात राहिलेली, तिचं रंगद्रव्य उन्हाने उतरलं होतं. ती प्लेअरने घेतली नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हने कमी वेगावर, पुन्हा पुन्हा वाचत, सगळी गाणी उतरवून दिली. ती मी नव्या सीडी-आरवर मंद वेगाने लिहिली आणि बंद कपाटात ठेवली. बाकीच्या डिस्कचीही तशीच प्रत करायला घेतली आहे, सर्वांत जुन्या आधी.