उणे एक यार्ड

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दुपारी, अमेरिकेत अमेरिकन फुटबॉलमध्ये आधी डेट्रॉइट लायन्सचा सामना असतो आणि मग डॅलस काउबॉइजचा. टर्की अंगावर आलेली असते. दोन सामन्यांमधल्या त्या सुस्तीत जुना वाद हमखास निघतो: चेंडू घेऊन धावणाऱ्यांत मोठा कोण, लायन्सचा बॅरी सँडर्स की काउबॉइजचा एमिट स्मिथ? नव्वदच्या दशकात दोघे त्याच दुपारी एकामागोमाग एक दिसायचे, म्हणून वादाला ती वेळ चिकटली असावी.

एमिटचे कारकिर्दीत धावून काढलेले 18,355 यार्ड, कॅरी (चेंडू घेऊन धावण्याच्या खेपा) 4,409. बॅरीचे 15,269, कॅरी 3,062. कॅरीमागे एमिटची सरासरी 4.2, बॅरीची 5.0. एमिटवाले एकूण यार्ड दाखवतात, पण तो निम्मा हजेरीपट असतो. जो जास्त वर्षं टिकला, तो वर. बॅरीवाले दशांश चिन्हावर बोट ठेवतात. पण सरासरीही गोडबोलीच.

चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड काढायचे; नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चौथ्याला बहुतेक वेळा पंट (लाथेने चेंडू लांब मारून समोरच्यांना देणं), म्हणजे हातात खरे तीनच. चार, तीन, चार असे नेणारा 3.7 च्या सरासरीवर रेंगाळतो, पण चेंडू आपल्याच संघाकडे राहतो. दुसरा उणे दोन, शून्य, एक नेतो, पंट होतो. पुढच्या खेपेला तो पहिल्याच धावेत चाळीस मारतो आणि कागदावर त्याची सरासरी दहाच्या घरात जाते. मधल्या पंटचं कोणालाच काही नसतं.

बॅरीचं 1994 बघा. हंगामात 1,883 यार्ड, सरासरी 5.7. मग 31 डिसेंबरला ग्रीन बेमध्ये प्लेऑफ: 13 कॅरी, उणे एक यार्ड. लायन्स 16-12 ने हरले.

असं का होतं, ते चेंडूकडे बघून कळत नाही. हँडऑफच्या क्षणी, धावणाऱ्याच्या हातात चेंडू दिला जाताना, चित्र थांबवावं आणि समोर बॉक्समध्ये, म्हणजे चेंडूसमोरच्या दाटीत, किती बचावपटू उभे आहेत ते मोजावं. सात असतील तर ठीक; आठ असतील तर एकाला अडवायला बहुधा कोणीच उरत नाही, त्याला धावणाऱ्यानेच चकवायचं. मग पहिला हात अंगाला कुठे लागला ते बघावं. तिथपर्यंतचे यार्ड मुख्यतः लाइनमनचे, म्हणजे पुढे उभं राहून वाट करून देणाऱ्यांचे; पुढचे धावणाऱ्याचे. एमिटच्या पुढे फुलबॅक डॅरिल जॉन्स्टन डोकं खाली घालून भोक पाडत जायचा. बॅरीच्या सुरुवातीच्या वर्षांत लायन्स चार रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) पसरून खेळायचे, पुढे फुलबॅक नाहीच. भोक बुजलेलं दिसलं की शहाणा माणूस मुकाट दोन यार्ड घेतो. बॅरी मागे वळून दुसऱ्या बाजूला निघायचा. कधी चाळीस, कधी उणे चार.

आणि तिसऱ्या डाउनला धावत येणाऱ्या लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावपटूच्या, छातीवर जाऊन एमिट चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायचा, त्याचा तर रकानाच नाही. तिसरा डाउन, दोन यार्ड हवेत, तर मी डोळे मिटून एमिटकडे चेंडू देईन. नुसतं बघायचं असेल, तर अर्थातच दुसऱ्याला.

त्यांच्या आधीच्या जिम ब्राउनचं नाव निघालं की मात्र वाद थोडा वेळ गप्प होतो. नऊ हंगाम, त्यांतले आठ वेळा धावलेल्या यार्डांत लीगमध्ये पहिला. 118 सामने, दर सामन्याला 104.3 यार्ड, कॅरीमागे 5.2. सुरुवातीला हंगामच बारा सामन्यांचा, पुढे चौदाचा. कोणी म्हणतं, तेव्हाचे बचावपटू हलके होते. असतील. पण मला त्याचं उठणं जास्त आठवतं. दर टॅकलनंतर, म्हणजे पाडलं गेल्यावर, तो इतका सावकाश उठायचा आणि रमतगमत हडलकडे, आपल्या संघाच्या घोळक्याकडे, जायचा, की नक्की कुठला फटका लागला हे समोरच्याला कळूच नये.

ब्राउनने तिशीच्या उंबरठ्यावर खेळ सोडला. बॅरीनेही 1999 मध्ये, हंगामाच्या तोंडावर, तसंच केलं. कारकिर्दीत धावून काढलेल्या यार्डांचा तेव्हाचा विक्रम वॉल्टर पेटनचा होता, 16,726. बॅरीला तो गाठायला 1,457 यार्ड हवे होते; त्याआधीच्याच हंगामात त्याने 1,491 काढले होते.

पेटन सीमारेषा समोर असतानाही बाहेर पाऊल टाकायचा नाही; आत वळून टॅकल करणाऱ्यालाच धडक द्यायचा. असं तेरा हंगाम, आणि चुकलेला सामना एकच. 1975 मधला त्याचा पहिला सामना बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्ध होता. आठ कॅरी, शून्य यार्ड.