खुनी माहीत असूनही

'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' परत वाचायला घेतलं. ॲगाथा ख्रिस्तीचं, 1926चं. खुनी कोण हे पक्कं ठाऊक असताना रहस्यकथा कशाला वाचायची, असं नवरा विचारतो. त्याला काय सांगणार! मजा तर आताच आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही, त्यांनी हा परिच्छेद कृपया सोडून द्या. नऊला वीस मिनिटं असताना ॲक्रॉइडला पत्र येतं आणि नऊला दहा मिनिटं असताना डॉक्टर शेपर्ड, म्हणजे कथा सांगणारे आणि खुनीही तेच, तिथून निघतात. दोन वेळा, लागोपाठच्या दोन वाक्यांत. मधल्या दहा मिनिटांबद्दल चकार शब्द नाही. बाई खोटं एक अक्षर लिहीत नाहीत, फक्त गप्प बसतात. पहिल्यांदा वाचताना मी त्यावरून सरळ पुढे गेले होते. आता तिथे बोट ठेवून हसत बसले.

पण माझा खरा जीव कॅरोलाइनवर. डॉक्टरांची ही बहीण घराबाहेर न पडता अख्ख्या गावाची बित्तंबातमी काढते. माजाँग या चिनी खेळाच्या डावात सोंगट्या टाकता टाकता चाललेल्या चहाड्या, पुरावे आणि तर्क, हे प्रकरण मी दोनदा वाचलं. त्यांची नंतरची म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल बहुधा हिच्यातूनच सुचली असावी, असं ख्रिस्तीबाईंनीच आत्मचरित्रात म्हटलंय.

प्रेमप्रकरणाची पानं मात्र मी भराभर उलटली. गुप्तहेर पॉयरो कुंपणावरून भोपळा भिरकावतो, त्याची सर त्यांना नाही.