आमची वाटचाल : हँडबिलं छापणारा एक छापखाना

वडिलांनी १९७४ साली सांगलीत, मारुती चौकामागच्या गल्लीत, छपाईचं जुनं ट्रेडल यंत्र विकत घेऊन छापखाना टाकला. घर चाललं ते लग्नपत्रिका आणि बिलबुकांवर, पण नाव झालं हँडबिलांमुळे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. मराठी नाटक १८४३ साली इथेच उभं राहिलं. हौशी संस्था भरपूर, आणि प्रयोग म्हटला की हँडबिल आलंच.

तेव्हा शाई काळीच असायची, रंग असायचा कागदाला. पिवळा नाहीतर गुलाबी पातळ कागद, एक अष्टमांश डेमी, म्हणजे डेमी मापाच्या एका तावाचे आठ तुकडे, पाचशे तावांच्या एका रिमात चार हजार नग. मजकूर शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे सुट्या अक्षरांत, नाटकाचं नाव मोठ्या लाकडी अक्षरांत, म्हणजे लाकडी टाइपात. खिळे जुळवून मजकूर लावणारे आमचे जुळारी मामा (नात्यातले नव्हेत, सगळा छापखाना त्यांना मामाच म्हणायचा) खिळे लावायची पट्टी, म्हणजे स्टिक, हातात घेण्याआधी कार्यकर्त्याला विचारायचे, "एकच ओळ मोठी करायची, तर कुठली करू?" उत्तर मिळेपर्यंत ते खिळ्याला हात लावत नसत. मोठ्या लाकडी टाइपाचा एकच संच आमच्याकडे होता. दुसरी ओळ तेवढी मोठी करायची सोयच नव्हती. आम्ही डिझाइन शिकलो ते त्या अडचणीत.

पुढे कॉम्प्युटर आला, मराठी अक्षरांचं श्रीलिपी सॉफ्टवेअर आलं, मिनी ऑफसेट हे छपाईचं नवं यंत्र आलं. ती वर्षं बरी गेली.

२००८च्या दिवाळीत आमचा ऑपरेटर सोडून गेला. सात वर्षं आमच्याकडे होता, दुपारचा डबा आमच्या घरचा खायचा. जाताना त्याने सगळ्या गिऱ्हाइकांच्या फायली सीडीवर भरून नेल्या. महिनाभरात पलीकडच्या गल्लीत दुकान थाटलं आणि बाहेर पाटी लावली, 'डिझाइन मोफत'. आम्ही आखलेल्या बॉर्डरी, आम्ही काढलेली बोधचिन्हं त्याच्या दुकानातून चाररंगी होऊन, चकचकीत आर्टपेपरवर छापून बाहेर पडू लागली. गिऱ्हाईक गेलं याचं दुःख होतंच. पण त्या एका पाटीने गावाला असं वाटायला लावलं की डिझाइनला पैसेच लागत नाहीत, आम्ही इतकी वर्षं उगाच घेत होतो. हे मी आजही विसरलेलो नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ऑफसेटचे तीन हप्ते थकले, बायकोच्या बांगड्या पतसंस्थेत गेल्या, ट्रेडलसाठी भंगारवाला येऊन भाव सांगून गेला.

त्या काळात न चुकता आले ते एका नाट्यसंस्थेचे कार्यवाह. आम्ही त्यांना सर म्हणायचो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर त्यांच्या समितीने परस्पर 'मोफत'वाल्याकडे काम दिलं होतं. सरांनी ते हँडबिल आणून आमच्या भिंतीला चिकटवलं, चष्मा काढला आणि सहा पावलं मागे जाऊन उभे राहिले. "वाच रे, प्रयोग किती वाजता आहे?" मला चष्मा नव्हता, तरी वाचता येईना. नऊ पाहुण्यांचे फोटो, कमानीसारखं वाकवलेलं नाटकाचं नाव, आणि वेळ पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांत. सरांनी खिशातून आगाऊ पैसे काढून टेबलावर ठेवले. "पिवळ्या कागदावर, काळ्या शाईत कर. उद्या संध्याकाळी हवंय." नाटकाचं नाव ट्रेडलवर, लाकडी टाइपात छापलं. मामा तेव्हा निवृत्त झाले होते, पण रात्रभर येऊन बसले. भंगारवाल्याला मी परत बोलावलं नाही.

आता कार्यक्रम करणाऱ्यांना चार गोष्टी सांगतोच. काय, कधी, कुठे, हे आधी वहीत लिहून आणा. पाहुण्यांची यादी नंतर. तारखेसोबत वार हवाच. देवनागरी अक्षरं ताणून रुंद करू नका, आणि मोकळी करायला गेलात तर शिरोरेषा तुटते. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. गडद रंगावर पांढरं बारीक अक्षर घेऊ नका, शाई पसरली की 'ध' आणि 'घ' सारखेच दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छपाईला फुटतो, मूळ फोटो मागवा. क्यूआर कोड टाकलात तर त्याच्या चारी बाजूंना कोरी जागा ठेवा आणि छापण्याआधी तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा. प्रूफ घरच्या म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या.

२०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या दुकानात माणसाच्या उंचीला आलं. कागद गेला, ऑफसेटची मोटर गेली. लाकडी टाइप धुऊन सावलीत महिनाभर वाळवले. काही वाकले, 'ना' आणि 'क' शाबूत राहिले.

सर आता नाहीत. त्यांच्या संस्थेचं काम अजून आमच्याकडेच असतं. आमच्या प्रत्येक बिलात छपाई आणि कागदाच्या आधी डिझाइनची वेगळी ओळ असते. ती ओळ खोडा म्हणणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.