बाबांचे ४५ टक्के

आज बाबांचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. रिपोर्टवर ईएफ ४५ टक्के. बाबा जन्माचे मास्तर, बाहेर येताच म्हणाले, "काठावर पास."

माझाही जीव खाली-वर होत होता. डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावलं. हृदय भरल्यावर दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर ढकललं जातं, तो हा आकडा. धडधाकट हृदयही सगळं कधीच ढकलत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच. म्हणजे पेपर मुळात शंभराचा नव्हताच! ४० किंवा त्याखाली गेलं तर पंपिंग कमी झालं म्हणायचं. ४१ ते ४९ ही मधली पट्टी. इथून औषधांनी आकडा वर येऊ शकतो, तसाच खालीही घसरू शकतो. म्हणून बरं वाटलं की गोळ्या बंद, हा बाबांचा लाडका उद्योग आता बंद.

मग त्यांनी बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तरी खळगा तसाच. महिनाभर मोज्याच्या रबराचे वळ दिसत होते, आम्ही रबराला शिव्या घालत होतो. अंगात पाणी साठत होतं.

एक गोळी डायबेटिसची निघाली. "मला कुठे शुगर?" बाबा भडकले. ती हृदयालाही देतात म्हणे.

आता रोज सकाळी वजन, तीन दिवसांत दोन किलोवर वाढलं तर लगेच फोन. लोणच्याची बरणी आईने माळ्यावर टाकली. जेवताना बाबा दोनदा वर बघत होते.